सागझिरीच्या ओळी

हिलाल बिऱ्हाडे मूळचा धरणगावचा. डिप्लोमा करून तो टेलिफोनच्या नोकरीत लागला, आणि शहाण्णव साली जळगावच्या ऑफिसात वरच्या मजल्यावर देखरेखीची नवी खोली उघडली तेव्हा त्याला तिथे बसवलं. खोलीत युनिक्सवर चालणारं कॉम्प्युटरचं एक मशीन, दोन टर्मिनल आणि एक एसी. एसी मशीनसाठी होता, माणसांसाठी नव्हता. तरी एप्रिल-मे महिन्यांत सगळं ऑफिस काही ना काही निमित्त काढून तिथे येऊन बसायचं.

त्या काळात गावोगाव छोटी एक्स्चेंज बसत होती. वीज गेली, बॅटरी उतरली, अमकी लाइन मेली, अशी आपली हालहवाल प्रत्येक एक्स्चेंज जळगावच्या मशीनकडे पाठवायचं. ज्याच्या-त्याच्या लॉग फाइलमध्ये ती ओळीखाली ओळ जमा व्हायची. हिलालचं काम त्या फाइली बघत राहायचं आणि बिघाड दिसला की कळवायचं.

अडचण अशी की पडद्यावर एका वेळी एकच फाइल बघता यायची. चाळीसगावची उघडून बसलं की चाळीसगावच्या नव्या ओळी येताना दिसत, पण तेवढ्या वेळात यावलला काय झालं ते कळत नसे. एकदा धरणगाव सकाळपासून बंद होतं आणि हिलालला ते दुपारी कळलं, तेही बसने आलेल्या त्याच्या मामाकडून. मामा खुर्चीवर बसून घाम पुसत म्हणाले, "भाचा, तू बठ्ठा जिल्हा बघस ना? मंग आम्हनं गाव कसं दिखत नही?"

हिलालला ते लागलं. जाडजूड मॅन्युअल घेऊन तो काही दिवस टर्मिनलपुढे बसला आणि शेवटी त्याने एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. सगळ्या फाइलींच्या शेपट्या, म्हणजे शेवटच्या ओळी, एकदम धरायच्या, कुठल्याही फाइलीत नवी ओळ आली की तिच्या आधी गावाचं नाव जोडायचं आणि ती पडद्यावर टाकायची. आता काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत सगळी गावं एकामागून एक खालून वर सरकू लागली. चाळीसगाव, यावल, धरणगाव, पुन्हा चाळीसगाव.

त्याचे वरिष्ठ गिरधर चौधरी साहेब पहिल्या दिवशी खूश झाले. त्यांनी दोन-तीन जणांना बोलावून पडदा दाखवला, चहा मागवला. महिनाभरात त्यांचा नूर बदलला. आधी बिघाड लोकांच्या तक्रारींतून कळायचे, थोडे थोडे, उशिराने. आता सगळेच आणि लगेच दिसायला लागले. लाइनमन मात्र होते तेवढेच होते, जीप एकच होती, आणि सुट्या भागांच्या कपाटात जुन्या वायरी आणि उंदराच्या लेंड्या होत्या.

"बिऱ्हाडे," एके दिवशी साहेब पडद्याकडे बघत म्हणाले, "आधी दिसत नव्हतं तेच बरं होतं हो. आता झोप उडाली आणि काम तेवढंच होतंय."

हिलाल हसला. त्याला वाटलं, साहेब थट्टा करताहेत.

हिलालची बायको प्रमिला सरकारी नर्स होती. यावलच्या पुढे, केळीच्या बागा संपून सातपुड्याचा चढ लागतो तिथे सागझिरी नावाचं गाव आहे; तिथल्या उपकेंद्रावर तिची नेमणूक होती. लग्नाला चार वर्षं झाली तरी एका घरात असे ते दोघं फार थोडे दिवस राहिले होते. तिच्या बदलीचे अर्ज वर जात आणि वरच राहत. रविवारी हिलाल सागझिरीला जाई. सोमवारी पहाटेच्या बसने परत.

सागझिरीला एक्स्चेंज आलं तेव्हा उपकेंद्राला फोन मिळावा म्हणून हिलालने स्वतः कागद फिरवले. फोन लागला त्या दिवशी प्रमिलाने पहिला फोन त्यालाच केला. त्यानंतर रोज जेवणाच्या सुटीत तिचा फोन यायचा. बोलणं साधंच. दुधाची पावडर आली का, आईचा गुडघा कसा आहे, भाजी काय केली. मध्ये मध्ये ती रुक्माबद्दल सांगायची.

रुक्मा उपकेंद्राच्या मागच्या झोपडीत राहायची. तिचा नवरा पितांबर आणि सासू भिकुबाई, अशी तिघं साक्रीकडून केळीच्या कामाला आलेली होती. रुक्मा जेमतेम एकोणीस-वीसची. एक मूल पोटातच गेलेलं, आता दुसऱ्यांदा दिवस राहिले होते. प्रमिलाच्या अंगणात नळ होता म्हणून ती तिथे धुणं धुवायची आणि धुता धुता अखंड बोलायची. हिलाल रविवारी गेला की "दाजी उनात", दाजी आले, म्हणून ओरडायची आणि हात पुसत त्याच्यासाठी चहाचं आधण ठेवायची. प्रमिलाला ती ताई म्हणायची.

"हिचं रक्त फार कमी आहे," एका रविवारी प्रमिला हिलालला म्हणाली. "पाय सुजलेत. हिला आठ दिवस आधी यावलला नेऊन ठेवायला पाहिजे."

भिकुबाई दारातच होती. तिने ते ऐकलं. "मना बठ्ठा पोऱ्या घरमाच झायात, माय," ती म्हणाली. "दवाखानामा आठ दिन बसीसन खावानं काय? पितांबरनी मजुरी बुडी."

"भिकुबाई, वेळेवर काही झालं तर?"

"वखतवर तुन्हा फोन शे ना," भिकुबाई म्हणाली. तिने ते चिडून म्हटलं नाही. तिला खरंच तसं वाटत होतं. फोन आल्यापासून सगळ्या गावालाच तसं वाटत होतं. प्रमिलालाही थोडंफार वाटत असणार, कारण ती पुढे काही बोलली नाही.

पाऊस संपता संपता सागझिरीच्या ओळींत बिघाड दिसायला लागले. गावातून बाहेर बोलायच्या वाटा एक्स्चेंजमधल्या एका कार्डावर होत्या, आणि ते कार्ड निकामी होत चाललं होतं. लॉगमध्ये एक वाट बंद झाल्याची ओळ आली, दोन-चार दिवसांनी दुसरीची. एक्स्चेंजची खबर जळगावच्या मशीनकडे पाठवायची वाट वेगळी, बारीकशी. ती शाबूत होती. हिलालने लेखी कळवलं. चौधरी साहेबांनी नाशिकला फोन लावला, मुंबईला पत्र टाकलं. उत्तर एकच, कार्ड शिल्लक नाही, आल्यावर पाठवू.

"साहेब, दुसऱ्या कुठल्या एक्स्चेंजचं काढून लावता येईल का?" हिलालने विचारलं.

"येईल की. कुठलं काढू सांग. तिथल्या लोकांना मी काय सांगू तेही तूच सांग."

आणखी बोलावं असं हिलालच्या ओठावर आलं होतं. पण शेजारच्या टेबलावर दोघं जण कान देऊन होते, आणि बायकोच्या गावासाठी भांडतोय असं उद्या सगळ्या ऑफिसात झालं असतं. त्याने विषय सोडला. त्याच आठवड्यात शेवटची वाटही बंद झाली. जेवणाच्या सुटीतला प्रमिलाचा फोन थांबला. पडद्यावर मात्र सागझिरी येत राहिली. बॅटरी ठीक, वीज आली, वीज गेली, बाहेरची वाट नाही.

दसऱ्याच्या आधीची गोष्ट. दुपार कलायला लागली होती. हिलाल चाळीसगावच्या एका बिघाडात गुंतला होता. तिथल्या ओळी धो धो येत होत्या. त्यांच्यामध्ये सागझिरीची एक ओळ येऊन गेली. कुणीतरी गावातून बाहेर फोन लावायचा प्रयत्न केला होता आणि वाट नाही म्हणून तो लागला नव्हता. तसे प्रयत्न रोजच होत. त्याने लक्ष दिलं नाही.

लगेच दुसरी आली. मग तिसरी. आता त्याने ओळीतला नंबर बघितला. उपकेंद्राचा होता. ज्याला फोन लावला जात होता तो नंबर यावलच्या दवाखान्याचा.

प्रमिला फोन बंद असल्याचं जाणून होती. उगाच नंबर फिरवत बसणाऱ्यांतली ती नव्हती. हिलाल उठून उभा राहिला. "रुक्मा," तो स्वतःशीच म्हणाला.

त्याने जळगावहून यावलच्या दवाखान्याला फोन लावला. तो लगेच लागला. तिथल्या माणसाने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की साप चावलेल्या एकाला घेऊन गाडी जळगावला गेली आहे, यायला वेळ लागेल. हिलालने यावलच्या बसस्टँडवरच्या टेलिफोन बूथला फोन केला. बूथवाला ओळखीचा होता. "झुलालची जीप उभी असेल तर त्याला बोलवा," हिलाल म्हणाला. झुलाल फोनवर आला.

"झुलालभाऊ, सागझिरीला उपकेंद्रावर जा. बाळंतपणाची बाई आहे. जशी असेल तशी घेऊन या."

"नाल्याला पाणी आहे हो साहेब, वरून फिरून जावं लागेल."

"फिरून जा. पण आत्ता निघा."

"निघालो," झुलाल म्हणाला, आणि तो खरोखर निघाला.

हिलाल पडद्यापुढे येऊन बसला. सागझिरीच्या ओळी येतच होत्या. दवाखान्याचा नंबर, पुन्हा दवाखान्याचा, मग ग्रामीण पोलिसांचा, मग एकदा हिलालच्याच ऑफिसचा, पुन्हा दवाखान्याचा. तिकडे प्रमिला नंबर फिरवत होती आणि इकडे तो ती फिरवतेय हे बघत होता. गाडी निघाली आहे, फोन ठेव, एवढंच तिला सांगायचं होतं. ते सांगायला कुठलीच वाट नव्हती. मशीनची बारीक वाट एकाच बाजूने वाहत होती, गावाकडून जळगावकडे. त्याने पोलिसांचं वायरलेस चालेल का म्हणून फोन केला. ते यावलपर्यंत पोचत होतं, पुढे नाही. सागझिरीच्या अलीकडच्या गावात एक फोन होता, तिथे रिंग जात राहिली. घरची माणसं शेतात असणार.

चौधरी साहेब आत आले. त्यांनी हिलालचा चेहरा बघितला, मग पडदा. "कुणाचा नंबर?"

"बायकोचा. उपकेंद्राचा."

साहेब खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसले. चाळीसगावची ओळ येई, धरणगावची येई, आणि मध्ये सागझिरी. मग चाळीसगाव दोनदा आलं, यावल आलं, आणि सागझिरी आली नाही. हिलाल वाट बघत राहिला.

"गाडी पोचली असेल," साहेब म्हणाले.

"असेल," हिलाल म्हणाला.

दिवेलागणीला झुलालचा फोन आला. गाडी पोचली तेव्हा मूल झालेलं होतं, मुलगी, जिवंत. पण रुक्माचं रक्त थांबत नव्हतं. त्यांनी तिला जीपमध्ये मागे आडवं घातलं, नर्सबाई तिच्या पोटावर दोन्ही हात दाबून बसल्या होत्या. नाल्याला वळसा घालून डांबरी सडकेला लागले आणि नर्सबाईंनी त्याला गाडी थांबवायला सांगितली.

"थांबवायला कशाला?" हिलालने विचारलं. त्याला कळलं होतं, तरी त्याने विचारलं.

"घाई करायचं काही राहिलं नव्हतं, साहेब," झुलाल म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने हिलाल सागझिरीला गेला. तो पोचला तेव्हा लोक नदीवरून परत येत होते. पितांबर बागेच्या बांधावर एकटा बसला होता. त्याच्या शेजारी हिलाल जाऊन बसला, पण पितांबर उठून बागेत निघून गेला. झोपडीत बाळ रडत होतं. गावातली एक ओली बाळंतीण त्याला पाजायला येऊन बसली होती.

प्रमिला उपकेंद्रात लाकडी बाकावर बसली होती. कालचीच साडी होती. हिलाल समोरच्या स्टुलावर बसला.

"गाडी तुम्ही पाठवली का?" तिने विचारलं.

"हो."

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुझे फोन दिसत होते. लॉगमध्ये."

"लागत नव्हते ते?"

"लागत नव्हते तेच दिसत होते."

बाहेर नळाखाली कुणीतरी हंडा लावून गेलं होतं, तो भरून वाहत होता. प्रमिला उठली नाही, हिलालही उठला नाही.

"झोपडीतच मूल झालं आणि रक्त सुरू झालं," ती म्हणाली. "पोट दाबून धरलं की कमी व्हायचं. सोडलं की पुन्हा. मी भिकुबाईला दाबायला लावायचे आणि इकडे पळत यायचे फोन फिरवायला. कधी कधी लागतो ना मध्येच एखादा. म्हातारीला जोर होत नव्हता. मी परत जायचे तोवर खाली सगळं भरलेलं असायचं. पुन्हा दाबायचे, पुन्हा पळायचे." ती थांबली. "गाडी निघालीय एवढं जरी कळलं असतं ना, तर मी तिच्यापासून हललेच नसते."

"गाडी लगेच निघाली होती," हिलाल म्हणाला.

"हो. झुलालभाऊ म्हणाले." तिने त्याच्याकडे बघितलं. "तुम्ही सगळा वेळ बघत होता?"

"सगळा वेळ."

"मला वाटत होतं, कुणालाच माहीत नाहीये," प्रमिला म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "ते बरं होतं असं वाटतंय आता."

तो रात्री तिथेच राहिला. तिने भात टाकला, दोघांनी थोडा थोडा खाल्ला. सकाळी निघताना त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला तर तिने तो काढला नाही, पण तिचं अंग आखडलेलं होतं.

जळगावला आल्यावर हिलालने त्या दुपारच्या सगळ्या ओळी छापून चौधरी साहेबांच्या टेबलावर ठेवल्या. साहेबांनी त्या वाचल्या. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी स्वतःच्या हाताने कडक पत्र लिहिलं, सोबत ते कागद जोडले आणि वर पाठवलं. कार्ड दिवाळीनंतर आलं. पत्राचं उत्तर आलं नाही. दोन महिन्यांनी वरून एक साहेब पाहणीला आले. हिलालचा पडदा बघून त्यांनी मान डोलवली आणि बाकीच्या जिल्ह्यांतही असंच करा म्हणाले. सुट्या भागांचं कपाट त्यांनी उघडून बघितलं, आणि लावून टाकलं.

भिकुबाई बाळाला घेऊन साक्रीला निघून गेली. जाताना प्रमिलाने तिला दुधाच्या पावडरचे डबे दिले, पाणी उकळून घ्या म्हणून दहादा सांगितलं. पितांबर काही दिवस राहिला, मग तोही गेला. धुळ्याकडच्या कुणाबरोबर प्रमिलाने निरोप पाठवून पाहिले. पोर कशी आहे, आहे की नाही, काहीच कळलं नाही.

गावात हळूहळू वेगळंच पसरलं. नर्सबाई पोरीला सोडून फोनपाशीच बसल्या होत्या, असं बायका म्हणू लागल्या. आपसांत म्हणायच्या, पण प्रमिलाच्या कानावर आलं. पोटुशा बाया उपकेंद्रात यायच्या कमी झाल्या. ती घरोघर जाई, गोळ्या देई. त्या गोळ्या घेत आणि मागे कोनाड्यात ठेवून देत. एकीला तिने यावलला जाऊन राहा म्हणून हातापाया पडून सांगितलं. तिच्या सासऱ्याने ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही आता आमच्याकडे येत जाऊ नका."

सागझिरीचा फोन आता ठणठणीत होता. जेवणाच्या सुटीत प्रमिलाचा फोन येत नसे म्हणून हिलाल स्वतः लावू लागला. कधी ती उचलायची, हो-नाही म्हणायची. बहुतेक वेळा रिंग जात राहायची. "फोन वाजला की मी उठून बाहेर जाते," एका रविवारी तिने सांगितलं. "तुम्ही लावू नका. यायचं तेव्हा या."

त्याने लावणं बंद केलं. रविवारी तो जातो. बदलीचा अर्ज त्यांनी दोघांनी मिळून पुन्हा केला, धुळ्यासाठी. त्यालाही वर्ष होत आलं. तिथे गेलं की साक्री जवळ पडेल, असं प्रमिलाच्या मनात असावं. ती बोलत नाही आणि तो विचारत नाही.

खोलीत आता आणखी एक्स्चेंज जोडली गेली आहेत. ओळी इतक्या वेगाने जातात की एखादी नीट वाचायची तर पडदा अडवून धरावा लागतो, आणि अडवला की मागे ढीग साचतो. हिलाल सकाळी येतो, प्रोग्रॅम चालू करतो आणि खुर्ची पुढे ओढून बसतो. बिघाड दिसला की कळवतो. संध्याकाळी कळवलेल्यांपैकी फार थोडे दुरुस्त झालेले असतात. तो उरलेल्यांची नावं दुसऱ्या दिवसासाठी पुन्हा लिहून ठेवतो आणि घरी जातो.